सांध्यांतील सुई आणि रात्रीचें दुखणें

तुळजापुरास देवीच्या दर्शनाला जाणारा मनुष्य पायऱ्या चढत नाहीं, उतरतो. बहुतेक देवस्थानें डोंगरमाथ्यावर असतात आणि भाविकाची परीक्षा चढतांना होते. भवानीचें मंदिर मात्र बालाघाटाच्या उतारावर, महाद्वाराच्या पातळीहून बरेंच खालीं आहे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांस या फरकाचें कांहींच वाटत नाहीं. ज्यांचे झिजले आहेत ते मात्र जाणतात कीं, गुडघ्याला चढणीपेक्षां उतरणच अधिक जाचते. आश्विनी पौर्णिमेच्या यात्रेस सोलापुराहून पायीं आलेला मनुष्य सुमारें ४५ किलोमीटर रस्ता विनातक्रार तुडवितो आणि शेवटच्या पायऱ्यांपाशीं येऊन भिंतीचा आधार शोधूं लागतो.

धाराशिव जिल्हा हा तसा गुडघ्यांच्या जोरावर जगणाऱ्यांचाच मुलूख आहे. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवीतां तुडवीतां नामांत रंगून गेले, ही कथा कोणत्या मराठी घरांत ठाऊक नाहीं? खुरपणीच्या बायका दिवसभर उकिडव्या बसून सरकत असतात. खो-खोसारखा खेळ, ज्यांत बसलेल्या खेळाडूनें हांक ऐकतांच क्षणांत उठून धांवावयाचें असतें, तो या जिल्ह्याच्या मुलींनीं देशभर गाजविला; सारिका काळे हिला २०२० सालीं त्यासाठीं अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि जेवण, पूजा, पंगत, भजन हीं सर्व मांडी घालून. ज्याचा गुडघा वांकत नाहीं तो मनुष्य आपल्या समाजांत केवळ लंगडा ठरत नाहीं. त्याला पंगतींतून उठून खुर्चीवर बसावें लागतें, आणि तें त्याला लंगडेपणाहून अधिक लागतें.

अशा या गुडघ्यावर गेल्या कांहीं दशकांत आपल्याकडे एक नवें शल्यकर्म रूढ झालें आहे. लोक त्याला 'दुर्बिणीचें ऑपरेशन' म्हणतात, आणि हें नांव अगदीं यथार्थ आहे. गुडघा खारट पाण्यानें फुगवावयाचा, दोन्ही अंगांस बोटाच्या पेराहूनहि लहान अशीं भोकें पाडावयाचीं, एकांतून दुर्बीण घालावयाची आणि दुसऱ्यांतून हत्यार. मांडीचें हाड आणि नडगी यांच्यामध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या ज्या दोन गाद्या असतात, त्यांपैकीं फाटलेली गादी याच वाटेनें छाटतां किंवा शिवतां येते. रुग्ण पुष्कळदां त्याच दिवशीं घरीं जातो.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूंवर हें शल्यकर्म झालें. ते तुळजापूर तालुक्यांत शेती पाहतात. ट्रॅक्टरवरून उतरतांना पाय मुरगळला, गादीचा तुकडा सांध्यांत अडकला आणि गुडघा सरळच होईना. तेव्हां सोलापूर गांठावें लागलें. सकाळीं अकराच्या सुमारास काम आटोपलें, आणि शेवटीं डॉक्टरांनीं सांध्याच्या आंतच औषधाची एक सुई दिली. दुपारीं बंधु हंसत बोलत होते. दुखतच नाहीं म्हणून जो भेटेल त्याला सांगत होते. सायंकाळीं त्यांस सोडलें. तुळजापूरचा घाट चढेपर्यंत सर्व ठीक होतें. रात्रीं नवाच्या सुमारास दुखणें असें उठलें कीं, उभ्या आयुष्यांत डोकें दुखलें म्हणून न निजलेला हा गडी उशी दांतांत धरून पडला. दवाखान्याच्या कागदावर दुसऱ्या दिवसापासूनच्या गोळ्या लिहिल्या होत्या. त्या रात्रीविषयीं एक अक्षर नव्हतें. आमच्या भावजयीनें घाबरून आम्हांस फोन केला. "दादा, दुपारपर्यंत बरं होतं की. मग आता आत काय बिघडलं?"

बिघडलें कांहींच नव्हतें. औषधाचा अंमल संपला होता, इतकेंच. परंतु ही साधी गोष्ट आम्हांसहि त्या वेळीं ठाऊक नव्हती. ती आगाऊ सांगणें कोणास आवश्यक कां वाटलें नाहीं, याचें कारण आम्ही शोधूं लागलों, तों इतिहासांत बरेच मागें जाऊन पोंचलों. तोच इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

गुडघ्याचें दुखणें आपल्या वैद्यांस नवें नव्हतें. सुश्रुतसंहितेंत वातव्याधींच्या प्रकरणांत 'क्रोष्टुकशीर्ष' नांवाचा रोग सांगितला आहे. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. वात आणि रक्त यांच्या दोषानें गुडघा सुजतो, अतिशय ठणकतो आणि कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसूं लागतो. मांडी आणि पिंढरी वाळून गेलेल्या मनुष्याचा टम्म सुजलेला गुडघा ज्यानें पाहिला असेल, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हें पटेल. खेड्यापाड्यांतला उपचार याहून साधा : निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून तापविलेलें रुईचें पान, आणि फारच झालें तर बिब्बा किंवा डाग. डागण्याच्या उपायाची आज आपण कींव करितों. तथापि एका वेदनेनें दुसरीस झांकावें, हें त्यांतलें तत्त्व अगदींच वेडेपणाचें नव्हतें. आणि अफू होतीच. शेतावर जाणारी बाई तान्ह्या मुलाला अफूची कणी चाटवून निजवीत असे, आणि म्हातारीं माणसें सांधेदुखीवर ती घेत. या अफूची वाचकांनीं आठवण ठेवावी, कारण पुढें ती पुन्हां येणार आहे, आणि तीहि गुडघ्यांतच.

या सर्व उपायांत औषध एक तर बाहेरून लावावयाचें किंवा पोटांत घ्यावयाचें. सांध्याच्या आंत शिरण्याची वाट पोकळ सुईनें उघडली. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडनें १८४४ सालीं एका रुग्णेच्या त्वचेखालीं, दुखऱ्या मज्जातंतूपाशीं, मॉर्फीनचा द्रव सोडला. आणि १८५३ च्या सुमारास एडिंबरोचा अलेक्झांडर वुड व फ्रान्समधील प्राव्हाझ यांच्या हातून सुई आणि पिचकारी यांची जोडी जमली. मॉर्फीन म्हणजे अफूचेंच सत्त्व. तें सेर्टुर्नर नांवाच्या तरुण जर्मन औषधशास्त्र्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच निराळें काढून ठेविलें होतें.

शल्यकर्माच्या वेळच्या वेदनेचा प्रश्न १८४६ मध्यें ईथरनें आणि १८४७ मध्यें सिम्सनच्या क्लोरोफॉर्मनें सुटला, असें शाळेच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. परंतु तो सुटतांच दुसरा उभा राहिला. जानेवारी १८४८ मध्यें हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म हुंगत असतांच दगावली. त्यानंतर अशा वार्ता अधूनमधून येतच राहिल्या. क्लोरोफॉर्मनें माणूस मरतो तो श्वास थांबून कीं हृदय थांबून, यावर विलायतेंतील वैद्यांत चाळीस वर्षें वाद चालला.

हा वाद कायमचा मिटविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो लंडनमध्यें नव्हे, एडिंबरोसहि नव्हे, तर हैदराबादेंत. धाराशिव तेव्हां निजामाच्या मुलखांत होतें. १९४८ पर्यंत तें तेथेंच राहिलें, सातव्या निजामाच्या नांवावरून मध्यंतरीं त्याचें उस्मानाबाद झालें, आणि २०२३ मध्यें जुनें नांव परत आलें. म्हणून ही कथा आमच्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीची आहे. तेथें एडवर्ड लॉरी हा रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचा प्रमुख होता. त्याचें मत पक्कें होतें : क्लोरोफॉर्म देतांना नाडी चांचपीत बसूं नका, श्वास पाहा, श्वास नीट चालला असेल तर हृदयास धोका नाहीं. १८८८ मध्यें त्यानें कमिशन नेमवून जनावरांवर प्रयोग करविले आणि आपलें म्हणणें सिद्ध झाल्याचें जाहीर केलें. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रानें तें मानिलें नाहीं. तेव्हां सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारानें एक हजार पौंड देऊं करून, तुमचाच तज्ज्ञ पाठवा, असें लॅन्सेटला कळविलें. लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्री १८८९ मध्यें हैदराबादेस आला. दुसऱ्या कमिशनानें कुत्रीं, घोडे, वानर, शेळ्या, मांजरें व ससे मिळून सुमारें ४९० प्राण्यांवर प्रयोग केले. कित्येकांचा रक्तदाब यंत्रानें टिपून घेतला. येतांना लॉरीच्या मताविरुद्ध असलेला ब्रंटन त्याच्याच बाजूचा होऊन परतला.

या कमिशनाच्या कामांत रूपाबाई फर्दूनजी नांवाची एक पारशी तरुणी होती. हैदराबादच्या मेडिकल स्कूलमधून ती १८८९ मध्यें उत्तीर्ण झाली, पुढें अनेक वर्षें भूल देण्याचेंच काम करीत राहिली, आणि त्या विद्येचें मूळ समजावें म्हणून पदार्थविज्ञान व रसायन शिकावयास थेट एडिंबरोस गेली. भूल देणें हा स्वतंत्र व्यवसाय आहे ही कल्पना विलायतेंतहि नीट रुजली नव्हती, त्या काळांतली ही गोष्ट. आपल्याकडील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत तिला याहून अधिक जागा मिळावयास हवी होती, असें आम्हांस वाटतें.

लॉरीचा निष्कर्ष मात्र चुकीचा निघाला. १९११ मध्यें गुडमन लेव्ही यानें मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतांना, आणि त्यांतहि शरीरांत अॅड्रिनॅलिनचा जोर झालेला असतांना, हृदय एकाएकीं फडफडून बंद पडतें. श्वासाची वाट पाहत नाहीं. लॉरी अप्रामाणिक नव्हता. त्यानें शेंकडों प्राणी पाहिले, पण त्यांस गाढ गुंगींत बुडवून पाहिलें. माणसें मरत होतीं तीं बहुधा अर्धवट गुंगींत, भीतीनें आणि वेदनेनें छाती धडधडत असतां. प्रयोगाची संख्या मोठी होती, परंतु प्रश्न जेथें होता तेथें तो केलेलाच नव्हता. हा दोष पुढें शंभर वर्षांनीं गुडघ्याच्या बाबतींतहि आढळतो, म्हणून त्याचा उल्लेख विस्तारानें केला. शिवाय, क्लोरोफॉर्मचा सगळा वाद होता तो टेबलावरच्या अर्ध्या तासाविषयीं. टेबलावरून उतरलेल्या माणसाची रात्र कोणाच्याच अधिकारांत येत नव्हती.

संपूर्ण माणसास झोंपविण्याऐवजीं दुखऱ्या भागासच बधिर करावें, ही युक्ति १८८४ मध्यें निघाली. व्हिएन्नाचा तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर यानें कोकेनचे थेंब डोळ्यांत घालून डोळा बधिर करून दाखविला. १८९८ मध्यें कीलच्या ऑगस्ट बीअरनें तेंच कोकेन पाठीच्या कण्यांतील पाण्यांत सोडून कमरेखालचा भाग बधिर केला. आज गुडघ्याच्या शल्यकर्मासाठीं बहुधा हीच भूल देतात. बीअर आणि त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट यांनीं हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. हिल्डेब्रांटचे पाय बधिर होतांच बीअरनें त्याच्या नडगीवर हातोडी मारली, जळती सिगार टेंकविली. त्याला कांहींच कळलें नाहीं. दोघांनीं आनंदानें मद्य घेतलें आणि ते झोंपावयास गेले. पुढें काय झालें? अंमल उतरला, डोकीं भयंकर दुखूं लागलीं, आणि बीअरला कित्येक दिवस अंथरूण सोडवेना. आमच्या बंधूंची रात्र बीअरनें १८९८ सालींच अनुभवली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कोकेनचें व्यसन लागतें हें लवकरच कळून आलें. त्याच्या जागीं १९०५ च्या सुमारास आइनहॉर्नचें नोव्होकेन आलें. १९४३ मध्यें स्वीडनच्या लोफग्रेननें लिडोकेन बनविलें, आणि १९५७ मध्यें त्याच देशांत बुपिव्हाकेन सिद्ध झालें. शेवटच्या या औषधाचा अंमल कांहीं तास टिकतो, म्हणून गुडघ्याच्या सांध्यांत भरण्यासाठीं तेंच अधिक वापरांत आलें.

आतां दुर्बिणीची गोष्ट. डेन्मार्कच्या नॉर्डेनटॉफ्टनें १९१२ मध्यें आणि स्वित्झर्लंडच्या बिर्खेरनें १९२१ मध्यें गुडघ्याच्या आंत डोकावून पाहिलें होतें. परंतु या विद्येचें खरें घर जपान. टोकियोच्या केन्जी ताकागीनें १९१८ मध्यें मूत्राशय पाहण्याची दुर्बीण घेऊन एका प्रेताच्या गुडघ्यांत घातली. क्षयामुळें त्या काळीं गुडघे आखडून जात, आणि जमिनीवर पाय मुडपून बसणाऱ्या समाजांत आखडलेला गुडघा म्हणजे केवढी आपत्ति, हें जपानी वैद्यास सांगावें लागत नव्हतें. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपानें ज्याकडे कुतूहल म्हणून पाहिलें, त्याकडे चटईवर बसणाऱ्या जपाननें गरज म्हणून पाहिलें, असें आम्ही समजतों. ताकागीचा शिष्य मासाकी वातानाबे यानें युद्धोत्तर ओढगस्तींत एकामागून एक दुर्बिणी घडविल्या. त्याची एकविसावी दुर्बीण जगभर गाजली. तिच्या टोंकाशीं इवलासा दिवा असे आणि तो सांध्यांत फुटण्याची भीति असे. याच वातानाबेनें १९६२ मध्यें फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीच्या वाटेनें काढला. १९६४ मध्यें टोरोंटोचा रॉबर्ट जॅक्सन त्याच्याकडे जाऊन ही विद्या शिकून आला, आणि तेथून ती इंग्रजी भाषेच्या जगांत, आणि क्रमानें आपल्याकडे पसरली.

छेद लहान झाला. वेदना त्या मानानें लहान झाली काय? झाली, पण नाहींशी झाली नाहीं. तिचें कारण कळावयास एका शल्यवैद्याच्या विलक्षण हट्टाचा उपयोग झाला. कॅलिफोर्नियाच्या स्कॉट डाय यानें सांध्याच्या आंत कसलीहि बधिरता न आणतां, पूर्ण जागेपणीं, स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालवून घेतली, आणि आंत कोठें टोंचलें असतां काय वाटतें तें सांगितलें. हा वृत्तांत १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या वाटीमागची गुळगुळीत कूर्चा टोंचली तरी त्यास कांहीं कळेना. परंतु सांध्याच्या आंतील मऊ अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांस स्पर्श होतांच तो कळवळला. म्हणजे शल्यवैद्य कापतो तो भाग बराचसा मुका असतो. बोलतें तें अस्तर, जें वाटेंत केवळ डिवचलें जातें. सांध्यांत औषध सोडण्याची युक्ति लागू पडते ती यामुळेंच. सांधा ही एक बंद पिशवी आहे. आंत सोडलेलें औषध त्या अस्तरास चोहोंकडून भिजवितें.

आणि येथें अफू परत येते. अफूचें कार्य मेंदूंत व पाठीच्या कण्यांत होतें, अशीच दीर्घकाळ समजूत होती. १९९१ मध्यें जर्मनीच्या ख्रिस्तोफ स्टाइननें व त्याच्या सहकाऱ्यांनीं दुर्बिणीचें शल्यकर्म झालेल्या ५२ रुग्णांवर एक सुंदर प्रयोग केला. कांहींच्या गुडघ्यांत एक मिलिग्रॅम मॉर्फीन सोडलें. कांहींच्या शिरेंत तेवढेंच दिलें. आणि कांहींच्या गुडघ्यांत मॉर्फीनबरोबर त्याचा उतारा असलेलें औषधहि सोडलें. गुडघ्यांत दिलेलें मॉर्फीन शिरेंतल्याहून अधिक गुणकारी ठरलें, आणि उतारा मिसळतांच त्याचा गुण कमी झाला. एक मिलिग्रॅम म्हणजे किती, तर नेहमीं टोंचतात त्याच्या दशांशाच्या आसपास. सुजलेल्या अस्तरांतील मज्जातंतूंच्या टोंकांवरच अफूस ओळखणाऱ्या जागा आहेत, असा त्याचा अर्थ. न गुंगी, न मळमळ, आणि जेथें दुखतें तेथेंच औषध! शास्त्रज्ञांस हर्ष झाला तर नवल नाहीं.

पुढच्या पंचवीस वर्षांत असे प्रयोग पुष्कळ झाले. २०१६ मध्यें त्यांतले निवडक, वीसाहून अधिक, प्रयोग एकत्र तोलून पाहण्यांत आले तेव्हां निष्कर्ष निघाला तो निराशेचा : बहुतेक प्रयोग लहान आणि कच्च्या मांडणीचे, एक मिलिग्रॅम मॉर्फीन हें निव्वळ खारट पाण्याहून सरस आहे असें खात्रीनें म्हणण्याजोगा पुरावा नाहीं. याचें एक कारण मोठें मार्मिक आहे. दुर्बिणीच्या लहान शल्यकर्मानंतर पुष्कळ रुग्णांस फारसें दुखतच नाहीं. ज्यास दुखत नाहीं त्याला औषध दिलें काय आणि पाणी दिलें काय, फरक दिसणार कसा? ज्यांस खरोखर ठणका लागतो ते थोडे, आणि त्यांची गणना सर्वांच्या सरासरींत बुडून जाते. प्रश्न जेथें आहे तेथें प्रयोग करावयाचा नाहीं, ही हैदराबादेची चूक निराळ्या रूपानें पुन्हां घडली, असें आम्हांस वाटतें.

ही झाली प्रामाणिक चूक. दुसरी गोष्ट तशी नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील स्कॉट रूबेन हा भूलतज्ज्ञ शल्यकर्मानंतरच्या वेदनेवरचा मोठा अधिकारी गणला जात असे. निरनिराळीं औषधें एकत्र आणि आगाऊ दिलीं असतां रुग्णास दुखतच नाहीं, अशा आशयाचे त्याचे निबंध जगभर वाचले जात, आणि त्यांत दुर्बिणीच्या गुडघ्यावरील शल्यकर्मासंबंधींचेहि निबंध होते. २००९ मध्यें उघडकीस आलें कीं, त्यांपैकीं २१ निबंधांतील माहिती बनावट होती; कित्येक रुग्ण कधीं अस्तित्वांतच नव्हते. २०१० मध्यें त्यास सहा महिन्यांची कैद झाली. रूबेननें पैसा खाल्ला हें वाईटच. परंतु दुखणाऱ्या माणसाच्या नांवानें न दुखणारे काल्पनिक रुग्ण निर्माण करावे, यांत जी क्रूरता आहे ती आमच्या मतें पैशाहून मोठी.

त्याच २००९ च्या नोव्हेंबरांत दुसरी सूचना आली. औषधाचा अंमल कांहीं तासांत संपतो, तर सांध्यांत बारीक नळी ठेवून दोनतीन दिवस तें सतत थेंबथेंब कां सोडूं नये, असा विचार कांहींनीं केला होता, आणि तसे पंपहि निघाले होते. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें ३५ रुग्णांचा दाखला देऊन इशारा दिला कीं, अशा रुग्णांच्या सांध्यांतील कूर्चाच विरघळून गेली. त्यांत बहुतेक खांदे होते; पण गुडघ्याची कूर्चा कांहीं निराळ्या मातीची नव्हे. एकदां दिलेली सुई वेगळी आणि दिवसेंदिवस भिजवीत ठेवणें वेगळें. स्टेरॉइडच्या सुईचेंहि असेंच. १९५१ मध्यें फिलाडेल्फियाच्या हॉलंडरनें सुजलेल्या सांध्यांत हायड्रोकॉर्टिसोन देण्याची प्रथा पाडली. ती सुई आज तालुक्याच्या गांवींहि मिळते, आणि गुण आला म्हणून पुन्हां पुन्हां मागून घेणारे लोक आमच्या पाहण्यांत आहेत. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांच्या प्रयोगांत दर बारा आठवड्यांस दोन वर्षें ही सुई दिली, तेव्हां वेदनेंत पाण्याच्या सुईहून फरक पडला नाहीं आणि कूर्चा मात्र अधिक झिजली.

खुद्द दुर्बिणीच्या शल्यकर्मावरहि प्रश्नचिन्ह आहेच. ह्यूस्टनमध्यें २००२ सालीं १८० झिजलेल्या गुडघ्यांच्या रुग्णांपैकीं कांहींस केवळ वरवर छेद देऊन टांके घातले, आंत कांहींच केलें नाहीं. तेहि इतरांइतकेच बरे झाले. तेव्हां वयोमानानें झिजलेल्या गुडघ्याच्या मनुष्यानें दुर्बिणीच्या मागें लागण्यापूर्वीं दोनदां विचारावें. अडकलेली गादी, खेळांत तुटलेला बंध, यांची गोष्ट वेगळी.

एवढें सगळें वाचल्यावर सांध्यांतील सुई व्यर्थ आहे असें आमचें मत झालें काय? नाहीं. बुपिव्हाकेनची सुई पहिले कांहीं तास निश्चित आराम देते, आणि ते तास मोलाचे आहेत. परंतु ती वेदना बुजवीत नाहीं, पुढें ढकलते. सोलापुरांत, पुण्यांत, रुग्णालयाच्या शेजारीं राहणाऱ्या माणसास या फरकाचें फार भय नाहीं. धाराशिवच्या माणसास आहे. येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्यें निघालें, ही समाधानाची गोष्ट. तरी गुडघ्याच्या दुर्बिणीसाठीं आजहि पुष्कळांस सोलापूर-लातूरची वाट धरावी लागते. सकाळीं अकराची सुई संपते ती नेमकी गाडी घाटांत असतांना, किंवा गांवांतलें औषधाचें दुकान बंद झाल्यावर. त्याच दिवशीं घरीं सोडण्याच्या नव्या पद्धतीनें खर्च वांचला, खाट मोकळी झाली. आणि रात्र रुग्णालयाच्या हिशेबांतून उठून भावजयीच्या पदरीं पडली. पूर्वीं त्या रात्रीं परिचारिका तरी जवळ असे.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीच्या गुडघ्यावर हेंच शल्यकर्म झालें. ती खो-खो खेळते. वळतांना पाय अडकून गादी फाटली. या खेपेस आम्ही सोबत होतों आणि प्रश्नांची यादी करून नेली होती : औषध कोणतें, पहिली गोळी केव्हां, बर्फ किती वेळ, ताप आला किंवा पिंढरी दुखून सुजली तर कोणास कळवावें. शल्यवैद्य तरुण होते, सौजन्यानें उत्तरें देत होते. आमची यादी संपण्यापूर्वींच पुतणीनें टेबलावरून मान उचलून विचारलें, "डॉक्टर, सुई किती वाजता संपेल?"

त्यांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें, बोटांवर तास मोजले, आणि कागदाच्या डोक्यावर लिहिलें : सायंकाळीं सहा ते आठ. खालीं पहिल्या गोळीची वेळ लिहिली, साडेपांच. ती रात्र आम्ही सोलापुरांतच काढली. दुखणें आलें तें सातास आलें; पोरीनें तोंड वांकडें केलें, बर्फाची पिशवी मागून घेतली आणि भाकरी खाल्ली.